बाबा उंदीर पोचवायला जातात

आमच्या घरात उंदीर सापडला की कॅब बोलवावी लागते. हे ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मी थट्टा करत नाहीये हे लक्षात आलं की विषय बदलतात. आम्ही गुरुग्रामला अकराव्या मजल्यावर राहतो. माझे बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, पिंजऱ्यात आलेला प्रत्येक उंदीर पिंजऱ्यासकट कापडी पिशवीत घालून दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हिंदूराव दवाखान्याजवळच्या रिजवर, म्हणजे टेकडीवरच्या रानात, नेऊन सोडतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, म्हणून कॅब मलाच बोलवावी लागते. सकाळी सहाला डोळे चोळत मी पत्ता टाकते आणि मनातल्या मनात उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

सुरुवातीला ते मेट्रोने निघाले होते. पिशवी स्कॅनरच्या पट्ट्यावर ठेवली, आणि स्क्रीनवर दिसली तारांची जाळी. "अंकलजी, ये क्या है?" असं तिथल्या जवानाने विचारलं. दुसऱ्या कुणी काहीतरी थाप मारली असती. बाबा म्हणाले, "चूहा है. ज़िंदा है." जानवर अलाउड नहीं, असं त्याने सांगितलं आणि बाबा मुकाट्याने घरी परत आले. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, नियम म्हटला की विषय संपला. त्या दिवसापासून कॅब.

"इथेच खाली बागेत सोडा की," मी म्हणायचे.

"परत येतो तो," बाबा म्हणायचे. "आणि नाही आला, तर गार्डच्या काठीखाली जातो. मग मी पकडला कशाला?"

यावर बोलायला जागा नसायची, तरी मी बोलायचेच. माझा स्वभाव तापट आहे आणि तो बाबांकडून आलेला नाही. पण रिजच का, हे मी कधी विचारलं नाही. रिजच्या उताराखाली सरकारी क्वार्टरमध्ये आमची तीस वर्षं गेली. विदर्भातून नोकरीसाठी आलेली चार-पाच कुटुंबं तिथे होती, रविवारी सगळे मिळून बुद्धविहारात जायचो. आई-बाबा रोज सकाळी रिजवर फिरायला जायचे. आता आईला जाऊन तीन वर्षं झाली, क्वार्टर तर केव्हाच सुटलं. मला वाटायचं, उंदीर हे निमित्त आहे, म्हाताऱ्याला तिथे जायचं असतं. कुरकुर करत का होईना, मी कॅब बोलवायचे ती एवढ्यासाठीच.

उंदीर काय खातो यावर बाबांशी बोलायला बसू नये, अख्खी दुपार जाते. माझ्या मुलीने कार्टून बघून एकदा पिंजऱ्यात चीजची स्लाइस लावली होती. दोन दिवसांनी ती तशीच, वाळून कडा वळलेली. "हा काय विलायतेहून आलाय का?" म्हणून बाबांनी खोबऱ्याचा तुकडा चिमट्यात धरला, कडा काळ्या होऊन तेल सुटेपर्यंत गॅसवर भाजला आणि आकड्याला अडकवला. सकाळी पिंजरा बंद. तेल लावलेली भाकरी त्याला चालते, कांद्याची भजी चालतात, जवसाच्या चटणीवर तर जीव आहे. याशिवाय आमच्या घरात त्याने खाल्लेल्या वस्तू म्हणजे अंघोळीचा साबण, मुलीच्या मेणाच्या खडूंपैकी फक्त हिरवा आणि पिवळा, आणि माझ्या योगा मॅटचा एक कोपरा. माझ्या नवऱ्याच्या ओट्सचा डबा आठवडाभर उघडा होता, त्याला तोंड लावलं नाही. बाबांनी ही गोष्ट जावयाला तीनदा सांगितली.

एकदा खाली गार्डने काठी उगारलेली असताना बाबा मध्ये पडले. भिंतीच्या कडेने लांब नाकाचं काहीतरी चूं चूं करत पळत होतं. "उसको मत मारो, वो चूहा नहीं है," म्हणून त्यांनी गार्डला सांगितलं, की ही धान्याला तोंड लावत नाही, झुरळं खाते, तुझ्या केबिनमधली झुरळं कोण संपवतं असं वाटतं तुला? मुलीने विचारलं, "आजोबा, मग ती कोण आहे?" चिचुंद्री, बाबा म्हणाले. हा शब्द दिल्लीकडे वाढलेल्या माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. दोन दिवस ती घरभर तोच म्हणत फिरत होती.

आता पिंजऱ्याचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तो लाकडी फळीचा, तारेच्या जाळीचा पिंजरा माझ्या आईने आणलेला आहे. मी नववी-दहावीत असेन. क्वार्टरच्या मोरीतून उंदीर यायचे आणि आईने एक करडी मांजर लावून घेतली होती. लावून घेतली म्हणजे काय, सुकटीचा वास आला की ती यायची आणि आई तिला आमच्या आधी वाढायची. एके वर्षी उंदीर फार झाले. बाबांनी बाजारातून विषाची पुडी आणली, कणकेत मळली, गोळ्या करून मोरीपाशी ठेवल्या. उंदराने गोळी खाल्ली. तो झिंगून अंगणात आला आणि मांजरीने त्याला खाल्लं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजर आमच्या पायरीवर येऊन बसली, बादलीतलं पाणी पीत राहिली, आणि तिथेच गेली. नाकातून थोडं रक्त आलं होतं. आई तिच्याजवळ बसून होती. नंतर आई बाबांशी अकरा दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, शब्द नाही. बाराव्या दिवशी ती एकटी करोल बागेत गेली, हा पिंजरा घेऊन आली आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. "आता यानेच," एवढंच म्हणाली. बाबांनी बुद्धांच्या तसबिरीसमोर उभं राहून शब्द दिला, की या घरातून पुन्हा कुणाला विष जाणार नाही. पंचशील ते लहानपणापासून म्हणत आले होते. पण ते शब्द त्या दिवशी त्यांच्या अंगाला लागले असावेत, असं मला वाटतं.

तर हा असा पिंजरा. तो आमच्याबरोबर गुरुग्रामला आला आणि बाबाही आले. आल्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, "तुझ्या घरात विष आलं, तर मी नागपूरला तुझ्या काकाकडे जाऊन राहीन. रागाने नाही सांगत. मला इथे राहवणार नाही." मी म्हटलं, नाही येणार बाबा.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याबरोबर रिजवर गेले. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख ठरायची होती, आणि त्यांना एकटं पाठवायला मला धास्ती वाटत होती. आम्ही एका बाकाजवळ आलो आणि झाडावरून आठ-दहा कावळे खाली उतरले. एकाच्या डाव्या पायाची बोटं झडलेली होती, तो लंगडत लंगडत सगळ्यांच्या पुढे आला.

"ओळखतात मला," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर केवढा अभिमान! "निरोप द्यायला येतात."

त्यांनी पिंजरा जमिनीवर ठेवला आणि दार वर उचललं. उंदीर बाहेर आला, क्षणभर थबकला, आणि पळाला. तिसऱ्या उडीला लंगड्याने त्याला चोचीत धरलं. बाबा झुडपांकडे बघत होते. "गेला का गं?" त्यांनी विचारलं.

खरं तोंडावर सांगायची माझी सवय, ती तिथे मोडली. "गेला, बाबा. झुडपात गेला," मी म्हणाले. परत येताना ते कॅबमध्ये गाणं गुणगुणत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. इतके सगळे उंदीर या माणसाने जिवंत सोडायचे म्हणून इथवर आणले, आणि कावळ्यांना नाश्ता पोचवला. हे त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली तेव्हा मला चक्क बरं वाटलं, इतकी मी वाईट.

आणि मग मी अंगठा दिला.

झालं असं, की उंदराने वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला आणि हॉलभर पाणी झालं. माझा लॅपटॉप जमिनीवर चार्ज होत होता, तो गेला. दुसऱ्या दिवशी माझं प्रेझेंटेशन होतं. मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या मशीनवर धडपडत असताना फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज आला, की टॉवरच्या पाइपांच्या डक्टमध्ये उंदरांसाठी गोळ्या ठेवायच्या आहेत, मंजूर असेल त्यांनी अंगठा द्यावा. मी संतापलेली होते. मी दिला अंगठा. डक्ट म्हणजे काही आपलं घर नाही, असंही तेवढ्यात मनाला समजावलं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरून गेले, हे खरं आहे आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यात उंदीर आला. सकाळी मी कॅब बोलावली, बाबा गेले. दीडएक तासाने चहा घेताना मी फोन उघडला. हाउसकीपिंगचा मेसेज होता, की डक्टमध्ये शुक्रवारी गोळ्या ठेवल्या आहेत, मेलेले किंवा सुस्त उंदीर दिसले तर हाताने उचलू नयेत.

सुस्त. पिंजऱ्यातला उंदीर सकाळी कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. खोबरं तसंच होतं. मी म्हटलंही होतं, "बाबा, आज हा शांत आहे." माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी आली, ती बादली आली. लंगडा कावळा तो उंदीर खाणार आणि मरणार, तोही बाबांच्या हातून, ज्यांनी आईला शब्द दिला होता. मी बाबांना फोन लावला, फोन पिशवीत वाजत राहिला असणार. कॅबची फेरी संपल्याचं दिसत होतं. ड्रायव्हरला लावला, तो म्हणाला, अंकलला सोडून पंधरा मिनिटं झाली. उशीर झालेला असेल हे कळत असूनही मी आहे त्या कपड्यांवर निघाले. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि बाबांना काय सांगायचं ते जुळवत होते. त्यांना थांबवायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, कावळ्यांची आणि माझ्या अंगठ्याची.

मी धापा टाकत चढ चढून गेले, तेव्हा बाबा बाकावर बसलेले होते. पिंजरा मांडीवर, दार बंद, वरून पिशवी अर्धी पांघरलेली. कावळे भोवती बसले होते, लंगडा तर बाकाच्या हातावर.

"तू काऊन आलीस?" बाबा म्हणाले. मग पिंजऱ्याकडे बघून, "याला बरं नाहीये. जरा ऊन लागू दे म्हटलं, मग बघू."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पाइप, मीटिंग, अंगठा, शुक्रवार. मग कावळ्यांचं सांगितलं, की ते निरोप द्यायला येत नाहीत. बोलता बोलता मला रडू फुटलं.

"डोळे अधू झालेत माझे," शेवटी ते म्हणाले. "कान नाहीत. पहिल्याच दिवशी ऐकलं मी उंदराला ओरडताना."

"मग इतके दिवस?"

"सगळे नाही सापडत. हुशार असतो तो झुडूप गाठतो. नाही गाठत, तो कुणाच्या तरी पोटी जातो. रानातला उंदीर तसाच जातो, बाई. त्यात माझा दोष किती, हे मी रोज स्वतःला विचारतो." त्यांनी पिशवी नीट सारखी केली. "पण मी आणलेलं खाऊन कुणी मरत नाही, एवढं मला बघायचं होतं. दर खेपेला येऊन मी आधी हा लंगडा आहे का ते बघतो. म्हणून येतो मी इथे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, मग घरीच मारू."

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते.

उंदीर तासाभराने मेला. आम्ही दोघांनी एका वाळक्या फांदीने खड्डा केला. बाबांना वाकता येईना, म्हणून हाताने माती मी काढली. कोपरभर खोल पुरलं त्याला आणि वर मोठाले दगड ठेवले. कावळे हे सगळं मान वाकडी करून बघत होते. बाबांनी हाताने त्यांना हाकललं. इतक्या वर्षांत मी बाबांना कुणाला हाकलताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. नागपूरची बॅग भरली नाही, पण कपाटावरून खाली काढून पलंगाशेजारी ठेवली. मला काही सांगायचं असलं की मुलीला निरोप, "तुझ्या आईला म्हणावं खोबरं संपलंय." मी समोर उभी असताना! मुलगी बिचारी पोस्टमन झाली. येता-जाता ती बॅग अजून रिकामी आहे ना, ते मी बघायचे.

मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. भांडायला मी जन्मापासून तयार असते, हा गुण पहिल्यांदा कामाला आला. आमच्या टॉवरच्या डक्टमधल्या सगळ्या गोळ्या काढून होईपर्यंत मी तिथून हलले नाही. प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन डक्टचं दार उघडून बघितलं. घरी येऊन मुलीला म्हटलं, "आजोबांना सांग, गोळ्या काढल्या." बाबा पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

मग पिंजऱ्यात नवा उंदीर आला. बाबांनी कॅब मागवली नाही. त्यांनी पिंजरा बाल्कनीत सावलीला ठेवला, वाटीत पाणी ठेवलं. मला कळलं. याने आधीच काही खाल्लेलं असेल तर चार-आठ दिवसांत दिसेल, तोवर हा कुठेही जाणार नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचं खाणं मी बघायला लागले. ऑफिसला जाण्याआधी भाकरीला तेल, संध्याकाळी शेंगदाणे, रविवारी भजी. ज्याच्या भाऊबंदांना मी मारायला निघाले होते, तो खातो की नाही हे बघायला मी पहाटे उठत होते. त्याने खाल्लं की माझी सकाळ बरी जायची. मधल्या काळात बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि मुलीला विचारायचे, "आज किती खाल्लं म्हणते तुझी आई?" उंदीर चांगला गुबगुबीत झाला.

बाराव्या दिवशी सकाळी माझ्या चपलांशेजारी कापडी पिशवी ठेवलेली होती. आत पिंजरा. बाबा दारात उभे.

"मला धुळीत जायला मनाई आहे," ते थेट मला म्हणाले. "आज तू जा."

मी गेले. कावळे उतरले, लंगडा पुढे. मी दार उचललं आणि बाबांसारखं झुडपांकडे बघितलं नाही, उंदराकडेच बघितलं. बारा दिवस मी त्याला भरवलं होतं. लंगड्याने त्याला धरलं, फांदीवर नेलं, खाल्लं, चोच दोन्हीकडून पुसली आणि दवाखान्याच्या बाजूला उडून गेला. मला फार वाईट वाटलं. बाबांना हे दर वेळी वाटत असणार, आणि मी कॅबवरून कटकट करत होते.

घरी जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "चार दिवसांनी पुन्हा जाऊन ये. पिंजरा नको. नुसतं बघून ये."

चार दिवसांनी मी ऑफिसला दांडी मारली आणि रिकाम्या हाताने रिजवर गेले. बाकावर बसले. कावळे आले, मी मोजले नाहीत, प्रत्येकाचे पाय बघत राहिले. तो नव्हता. मी फोन हातात धरून बसून राहिले. ऊन बाकावर आलं, मग पायांवर आलं. मग उतारावरून एक कावळा खाली आला, उतरताना तोल जाऊन एका बाजूला कलला, आणि लंगडत माझ्या पुढ्यात येऊन माझ्या हातांकडे बघायला लागला.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला बाबांनी.

"आहे, बाबा," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग पावलं, आणि मग बॅग कपाटावर परत ठेवल्याचा आवाज.